किल्लीचा ठसा

१० जानेवारी १९८६, कळंब
आजही टँकर नाही. रांजणाच्या तळाला पाणी आणि सूनबाईंनी समोरची भिंत रंगवायला काढली. म्हटलं, मंगल, माणसांना प्यायला नाही आणि तू भिंतीला पाजतेस? तर म्हणे, "भांडी खंगाळल्यालं पाणी हाय आत्या. ते कुणी पेत न्हाई." उत्तर तयारच असतं.
रंगाची पुडी बाजारातून कधी आणली, मला पत्ता नाही. भिंत पोपटी करून ठेवली. शेवाळ धरल्यासारखी. हा कसला रंग, विचारलं तर "आवडला न्हाई का?" एवढंच. दत्तूला विचारलं, तो म्हणाला चांगला दिसतोय की. बायकोनं डांबर फासलं असतं तरी हेच म्हणाला असता.
ह्यांच्या मनात ती भिंत निळी करायची होती. तथागतांच्या तसबिरीमागं निळीच शोभेल म्हणायचे. दोघांच्या पगारात पोरं शिकली, भिंत राहिली. मंगलला मी हे लग्नानंतर एकदा सांगितलं होतं. ती कशाला लक्षात ठेवतेय.
दुष्काळात घर सजवायचं म्हणजे एक तर पाहुणे यायचेत, नाही तर घर विकायचंय. पाहुण्यांचं कुणी बोललेलं नाही.

१४ जानेवारी
वहीवाल्यानं फसवलं. रेघा इतक्या फिक्या छापल्यात की ओळीवर ओळ चढते. दुकानदाराला दाखवायला हवी. व्होल्टेजही कमी. पूर्वी ह्याच बल्बखाली वर्गभराचे पेपर तपासायची.

१८ जानेवारी
मं.चं नवीन खूळ. घरातल्या प्रत्येक उंबऱ्याच्या कडेला चुन्याचा पांढराशुभ्र पट्टा. अंगणाच्या पायरीलाही. रांजणाच्या झाकणाला लाल चिंधी. माझ्या काळ्या बाजेवर पांढरी चादर, तिला तिनं स्वतः विणलेली झालर. दाराच्या चौकटीत फुटक्या आरशाचे तुकडे लिंपलेत, सकाळी उन्हात लखलखतात.
आणि भिंतीवर कमरेच्या उंचीला, माझ्या बाजेपासून थेट न्हाणीच्या दारापर्यंत, सुतळीचा वेलबुट्टीचा पट्टा चिकटवलाय. वर गेरू. वेलबुट्टी लोक वर काढतात, छताजवळ. ही कमरेशी कशाला? "असंच, हात लागला की बरं वाटतं." भिंतीला हात लावत कोण फिरतं?
शेवंताबाई (शेजारच्या) म्हणाल्या, "सून लई गुणाची हाय बाई, हात झाक हाय तिचा." शेवंताबाईंना दुसऱ्याच्या घरातलं सगळंच झाक वाटतं.

२३ जानेवारी
घरात नानकटाईचं पीठ मळलं होतं. वास अंगणापर्यंत. दत्तू दूध संघात असल्यानं तूप घरचं मिळतं, एवढीच त्या नोकरीची मिजास. नाही तर जनावरं छावणीत, दूध आटलेलं, संघाच्या कॅनांचा नुसता खडखडाट.
बाबूमियाँच्या बेकरीच्या भट्टीवर ट्रे घेऊन मं. एकटी गेली. मी येते म्हटलं तर "ऊन हाय, तुमी बसा." माझ्याशिवाय नानकटाई भट्टीवर जाणं ह्या घरात कधी झालं नव्हतं.
ठसा मात्र मीच मारला. पेटीच्या किल्लीची कडी. प्रत्येकीवर एक गोल. ह्या ठशाला इतिहास आहे. मी नव्यानं नोकरीला लागले तेव्हा आपला ट्रे भट्टीत सगळ्यांच्या शेवटी जायचा. बायका कुरकुर करायच्या, "ह्यांचं आपल्यात मिसळायला नको, ह्यांची खूण वेगळी ठेवा." उतरत्या आचेवर आपल्या नानकटाया पांढऱ्याफटक निघायच्या. तेव्हा कंबरेची किल्ली काढली आणि ठसा मारला. घ्या, ठेवली वेगळी. पुढं बायका सुधारल्या, निदान गप्प झाल्या. आता प्रत्येक घराची आपापली खूण असते, पण सुरुवात माझी. तेव्हापासून आपला ट्रे निघेपर्यंत भट्टीपुढून हलायचं नाही हा माझा नियम.
संध्याकाळी डबा भरताना दिसली. घरात दोन वाट्या ठेवल्या, बाकी अख्खा डबा फडक्यात बांधून उमरग्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं. उमरगा म्हणजे तिचं माहेर. विचारलं, कुणाला? "चुलत बहिणीला. तिला आवडती."
एवढी?

२९ जानेवारी
दुपारी डोळा लागलाय असं समजून दोघं स्वयंपाकघरात बोलत होती. मी जागी होते.
द. : ...उमरग्याचं शीतकरण केंद्र. साहेब म्हणाले, पोळ्याच्या आत हजर व्हा.
मं. : आन् हे उन्हाळा लागायच्या आत उरकाया पायजे.
द. : आईला सांगायचं कसं?
मं. : आत्ता न्हाई. म्या बघते.
म्हणजे हे आहे. बदली, माहेर, पोपटी भिंत, सगळं एका दोरीत. घराला किंमत यावी म्हणून रंगरंगोटी. "उरकायचं" ते काय? मला उरकायचं?
रात्रीचं जेवण गेलं नाही. मं.नं दोनदा विचारलं. बरं नाही म्हणून सांगितलं.

४ फेब्रुवारी
पुन्हा नानकटाई. आज मीच गेले, कुणाचं ऐकलं नाही. भट्टीपुढं बायकांची गर्दी, शेवंताबाईही ट्रे घेऊन. मला दम्याची ढास लागली म्हणून जरा बाहेर ओट्यावर बसले, तेवढाच काय तो वेळ. परत येऊन गोल ठशाचा आपला ट्रे उचलला आणि घरी.
तोंडात टाकली. डालडा! आपलं तूप गेलं कुठं? तशीच परत गेले आणि सगळ्यांसमोर बाबूमियाँची हजामत केली. इतक्या वर्षांचा विश्वास, आणि माझ्या नजरेआड पीठ बदललंस? तो हात जोडून म्हणाला, "बाई, लोकांची अमानत हाय ही. म्या कशाला बदलू?" अमानत म्हणे. चोराला शब्द बरे सुचतात.
मं. धावत आली, मला दंडाला धरून घरी आणलं. तिनं तरी माझी बाजू घ्यायला हवी होती.

५ फेब्रुवारी
सकाळी शेवंताबाई दारात, हातात ट्रे. "बाई, काल माजा ट्रे तुमच्याकडं आला जणू. ह्यो घ्या तुमचा, तुपाचा. किल्लीचा ठसा हाय की."
दोन्ही ट्रे शेजारी ठेवले. दोन्हींवर गोल. मला दोन्ही सारखेच. मग बोट फिरवलं. माझा गोल गुळगुळीत, त्यांचा दातेरी. सोड्याच्या बाटलीचं बूच.
मी काही बोलायच्या आत मं. म्हणाली, "माजीच चूक काकू. त्यांना त्यो ट्रे म्याच दावला व्हता." धडधडीत खोटं. ती तेव्हा भट्टीवर नव्हतीच. माझ्यासाठी खोटं बोलायची तिला काय गरज? फुकट कुणी कुणासाठी खोटं बोलत नाही.
शेवंताबाई निघता निघता भिंतीकडं बघून म्हणाल्या, "ही निळी भिंत लई झाक दिसती बाई. आपली वाटती."
निळी.
मी हसून घेतलं. त्या गेल्यावर पेटी उघडली. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी दिलेली साडी काढली. ती निळी आहे, हे मला ठाऊक आहे, त्या दिवशी सगळी शाळा म्हणाली होती बाई निळ्यात उठून दिसतात. भिंतीशी नेऊन धरली. साडी पोपटी. भिंत पोपटी. कुठं साडी संपते आणि कुठं भिंत लागते ते कळेना.
साडी घडी करून परत ठेवली. घडी नीट बसली नाही.

६ फेब्रुवारी
बाबूमियाँकडं गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते आणि ऐनवेळी पावशेर टोस्ट मागितले. त्यानं बांधून दिले, वर म्हणाला, "पायरी बगून उतरा बाई."
ह्यालाही माहीत? सगळ्या गावाला माहीत? मलाच काय ते काल कळलं.
लाज वाटली. रागही आला, पण तो कुणावर काढावा कळेना.

९ फेब्रुवारी
दत्तूला समोर बसवलं. शाळेत पोरांना बसवायची तसा. सगळं ओकला.
बदली खरी आहे. आणि उमरग्याच्या दवाखान्यात मं.ची चुलत बहीण नर्स आहे, तिच्याकडं माझ्या डोळ्यांचं विचारून ठेवलंय. मोतीबिंदू असावा म्हणते. तपासून लगेच ऑपरेशन. उन्हाळा लागायच्या आत. नानकटाईचे डबे त्या बहिणीला.
"उरकायचं" ते हे.
उंबऱ्याचे पट्टे, लाल चिंधी, पांढरी चादर, न्हाणीपर्यंतची सुतळी. सजावट कसली, ही तर माझी वाट. दिवाळीपासून मी चाचपडतेय हे तिला दिसलं आणि तिनं ते मला न सांगता भिंतीवर काढलं. इतकी वर्षं वर्गात कॉपीचे चोर पकडत आले आणि सुनेनं मला मुद्देमालासकट धरलं.
बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग दुसरं डोक्यात आलं. डोळे आले की म्हातारी एकटी राहू शकते. स्वतःचं करू शकते. मग ह्यांना मोकळ्या मनानं उमरगा. आंधळ्या सासूला टाकून गेले म्हणून लोक नावं ठेवतात, डोळस सासूला ठेवून गेले तर कोण काय म्हणेल?
मला डोळे हवेत की ही दोघं? दोन्ही मिळणार नसतील तर पोपटी भिंत चालेल मला.

११ फेब्रुवारी
हेच मं.ला तोंडावर विचारलं. डोळे करून मला इथं टाकणार ना?
वाटलं होतं रडेल, पाया पडेल, "असं कसं आत्या" म्हणेल. काही नाही. पीठ मळत होती, मळतच राहिली.
"तुमाला इथंच ऱ्हायचं असंल तर व्हय. आमच्यासंगं यायचं असंल तर चला. पर डोळे आल्यावर ठरवा. न दिसणाऱ्या माणसाला कुणी इचारत न्हाई आत्या, उचलून नेतेत. माज्या आज्जीला नेलं तसंच."
फार नेमकं बोलली. इतकं नेमकं बोलणं खरं असतं का, की पाठ केलेलं?

१७ फेब्रुवारी
चार दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. तिनं तेही चालवून घेतलं.
आज दोघं बाहेर असताना घर नुसतं हातानं पाहिलं. सुतळीच्या वेलीला पानं आहेत, मधे मधे कळ्या, आणि न्हाणीच्या दाराशी पोचायच्या आधी एक मोठं फूल. तिथं थांबायचं, पुढं पायरी आहे, म्हणून. चौकटीतले आरसे संध्याकाळच्या उन्हात नारंगी चमकतात, दार कुठं आहे ते बाजेवरून कळतं. नुसती सोय करायची तर दोरी बांधली असती. फूल काढायची गरज नव्हती.
सुंदर आहे. इथं लिहून ठेवते, तिला सांगणार नाही. डोक्यावर बसेल.

२४ फेब्रुवारी
उद्या सकाळची एस.टी. पिशवी भरली. घराचा कागद पेटीतून काढून पिशवीत, साडीच्या घडीत ठेवला. विश्वास आहे, पण कागद जवळ असलेला बरा.
मं.नं पीठ मळलंय. म्हणे, पट्टी सोडायच्या दिवशी तिथं खायला. ठसा मारायला किल्ली मागेल म्हणून मी कंबर आवळून बसले होते. तिनं किल्ली मागितलीच नाही. ताट उचलून माझ्यापुढं आणून ठेवलं. मी एकेक गोल चाचपून ठसा मारत गेले. तिनं मध्ये एकदाच माझं बोट धरून सरकवलं. एकीवर दोनदा मारत होते.
ठसे मारताना ती म्हणाली, "मागली भिंत तशीच ठिवलीया आत्या. तिला रंग कंचा द्यायचा?"
ज्या घराला कुलूप लावायचं त्याची मागची भिंत कुणी रंगवतं का? की मी एकटी राहणार त्या घरात, म्हणून माझ्या आवडीचा? की अजून काही ठरलेलंच नाही आणि ती खरंच मला विचारतेय? तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. ते मला कुठं दिसतंय.
म्हटलं, परत आल्यावर बघून सांगते.
बोलून बसले. "परत आल्यावर", "बघून". म्हणजे जायचं मी ठरवलं की काय? एस.टी. सकाळी आहे, अजून नाही म्हणता येतं.
मं. ताट घेऊन भट्टीवर गेली. आत्ता लिहिताना कंबरेला हात गेला. किल्ली नाही. पिठाच्या ताटातच राहिली, तिच्याबरोबर गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
मागोमाग जाऊन आणायला हवी. उंबऱ्याचा पट्टा इथून दिसतोय.
बसलेच आहे.