तिसरं पान

ग्रिम्सबी,
३ नोव्हेंबर

प्रिय क्लाइव्ह,

तू आणि पेनी मजेत असाल. इथे समुद्रावरून बोचरं वारं सुटलंय, माझा गुडघा धरलाय. बाकी ठीक.

झाली विचारपूस. आता ऐक.

आईचं मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घ्यायचं, ते प्रोबेट मी वकिलाशिवाय करतेय म्हटल्यावर तू फोनवर खिदळलास. "हिलरी, तुला पुस्तकात बघून साधा केक जमत नाही, आणि कोर्टाची कामं करणार?" जमली की! अडलं ते तुझ्यामुळे.

कोर्टाने विचारलंय, पानांची पिन कुणी काढली? भोकं दिसताहेत, आणखी एखादं पान जोडलेलं होतं का? पिन काढल्याने एवढं रामायण होतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि तुलाही नव्हतं, दीडशहाण्या. मृत्युपत्राचं पाकीट दोघांनी मिळून उघडायचं, असं आईने बजावलं होतं. अंत्यविधीनंतर मी चॅपलच्या हॉलमध्ये लोकांना हॅम सँडविच वाढत होते, तेव्हा तू डोकं दुखतंय म्हणून घरी सटकलास. पाकीट फोडून, पिन काढून माझ्याच झेरॉक्स मशीनवर कॉप्या काढल्यास आणि दुसरं पान झाकणाखाली विसरलास. ते मला सापडलं. मी ते पाकिटात परत ठेवलं.

आता डोरीनमावशीला सांगत फिरतोयस की तिसरं पान होतं आणि त्यात अर्धं घर तुझं होतं. लाज नाही वाटत? पानं दोनच होती. घर मला, बाबांची बोटीवरची दुर्बीण तुला. तुझी थाप खरी ठरली तर घर विकावं लागेल. चौसष्टाव्या वर्षी मी कुठे जाऊ?

'पिन मी काढली, तिसरं पान नव्हतं,' एवढं लिही आणि सही कर.

हे सांगणार नव्हते, पण राग आवरत नाही. शेवटच्या आठवड्यात आई तुझा धोशा लावून होती. तुला फोन केला, तर म्हणालास, "शनिवारी बघतो." तिला दिसत नव्हतं. शेवटी मीच आवाज जाड करून म्हटलं, "आलो गं आई." तिने माझा हात घट्ट धरला. "क्लाइव्ह, जेवलास का?" म्हणाली. मी म्हटलं, "जेवलो." मग ती शांत झोपली, ती उठलीच नाही.

तुझ्या नावाने मी तिच्याशी खोटं बोलले. आता तू तिच्या नावाने खरं लिही.

आईजवळ होती ती,
हिलरी