तुकईथडची सकाळची बस

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात फोन नव्हता. आता माझ्या फोनवर अनोळखी माणसं मला शिव्या देतात, आणि मला तुमची आठवण येते.

मी तुकईथडच्या शाळेत शिकवते. यंदा तिथली सकाळची बस बंद झाली. दहावी होऊन बुऱ्हाणपूरला शिकायला जाणाऱ्या पोरी घरी बसल्या. एकीला तर बघायला पाहुणेही येऊन गेले. मी बसच्या मालकाला भेटले, सरकारी ऑफिसात खेटे घातले, काही हललं नाही. मग पोरींच्या आईबापांना विचारून मी एक व्हिडिओ टाकला. चेहरे दाखवले नाहीत. नुसता रिकामा थांबा आणि पोरींचे आवाज.

व्हिडिओ फिरला, पण कोणीतरी त्याला बसच्या ड्रायव्हरचा फोटो जोडला, त्याचा धर्म लिहिला आणि खाली टाकलं, यानेच मुद्दाम पोरींची बस बंद पाडली. लोक मला शाबासकी देत होते आणि त्याच्या घराचा पत्ता मागत होते. मी ओट्यापाशी उभी राहून वाचत होते. तव्यावरची पोळी करपून काळी झाली.

तेव्हा मला लहानपणीचं नेपानगर दिसलं. मी तुमचा डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर आले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी तुम्ही सगळे कामगार बाहेर धरणं धरून बसला आहात. कोणीतरी साहेबाच्या बायकोबद्दल घाण बोलतं, सगळे हसतात. तुम्ही उठता. "आपण पाण्यासाठी बसलो ना? मग पाण्याचं बोला. नाही तर घरी जा." आवाज जराही चढलेला नाही, तरी हसणं तिथेच थांबतं.

मी ड्रायव्हरच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. आतून तो म्हणाला, "मॅडम, गाडी मालकाची. त्याने दुसऱ्या रूटवर लावली, मी काय करू? आता तर बाहेर निघायचा डर वाटते."

"हेच कॅमेऱ्यासमोर बोलाल?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "बोलतो. पण घर नका दाखवू."

तो व्हिडिओ टाकला आणि शाबासकी देणारेच उलटले. बाई विकली गेली म्हणाले, याहून वाईटही म्हणाले. त्याच्या फोटोची पोस्ट मी पोलीस ठाण्यात नेऊन दाखवली, त्यांनी ती काढायला लावली. शिव्यांना उत्तर दिलं नाही. कोणी काहीही लिहिलं की खाली माझं एकच वाक्य: पोरींची बस कधी सुरू होणार? हळूहळू गावातले बापही तेच लिहायला लागले.

बस सुरू झाली, अप्पा. तोच ड्रायव्हर चालवतो. संध्याकाळी परतायला मात्र अजून गाडी नाही, म्हणून उद्या मी पुन्हा थांब्यावर फोन घेऊन उभी राहणार आहे.

हे मी कुठे टाकणार नाही, पाठवायला तर पत्ताही नाही. फक्त तुम्हाला सांगते: शिव्यांना उत्तर दिलं नाही हे खरं, पण त्यातली एक मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.