वरच्या खोलीतला कूलर

२ एप्रिल

आले एकदाची. कोल्हापूर ते नागपूर म्हणजे महाराष्ट्राचं हे टोक ते ते टोक, गाडीत बसून बसून पाठीचा भुगा झाला. मी फिजिओथेरपिस्ट, जगाच्या पाठी सरळ करते, माझी कोण करणार? पण खोली बघितली आणि शीण कुठल्या कुठे गेला. खामल्यातली शांत गल्ली, दुमजली घर. खाली मालकीणबाई यमुताई, वर मी. बाहेरून वेगळा जिना, त्याच्या माथ्यावर छोटी गच्ची, आणि माझं रामदासपेठेतलं हॉस्पिटल रिक्षानं जवळच.

यमुताई सत्तरीच्या, एकट्या. नवरा फार पूर्वी गेला, मूलबाळ नाही. मी सामान लावत असतानाच गोळाभाताची थाळी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, खाऊन घे आधी, सामान कुठं पळून नाही जाऊन राहिलं. मला बाई एकदम आवडल्या. आई दहा-बारा दिवसांत येईल. अबोली नाव ठेवलं आणि पोरगी अखंड बडबडी निघाली, हे ती यमुताईंना पहिल्याच दिवशी सांगणार, खात्री आहे. बाबा गेल्यापासून ती तिकडे एकटी कुढते आहे. आता आम्ही दोघी इथे सुखानं राहू, बस्स, एवढंच मला हवं आहे.

७ एप्रिल

नागपूरच्या उन्हाबद्दल ऐकलं होतं, पण हे ऊन नाही, हे कुणाचं तरी जुनं वैर आहे. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. दारं बंद, पडदे ओढलेले, आणि घराघरातून कूलरची घरघर. शेजारी दरोडा पडला तरी कुणाला कळायचं नाही.

माझ्या खोलीतही कूलर आहे. गच्चीकडच्या खिडकीत बसवलेला, पत्र्याचा, हत्तीएवढा. काल मी मोठ्या शहाणपणानं जिन्याकडची दुसरी खिडकी गच्च लावून तो चालू केला. गारवा बाहेर जायला नको ना. तासाभरात खोलीचा नुसता चिकट दमट डबा झाला, उशी ओली, मी ओली. यमुताई वर आल्या, बघितलं आणि हसू लागल्या. काहून वं, गुदमरून मरायचं हाये का तुले, असं म्हणाल्या. कूलरले खिडकी उघडीच लागते, हवा निघाले वाट पाहिजे, आमच्याकडे हे लहान पोराले बी समजते. आमच्या कोल्हापुरात कूलर कुणाच्या बापानं बघितलाय, मी म्हटलं. तेव्हापासून जिन्याकडची खिडकी उघडी ठेवते आणि झोप काय लागते म्हणून सांगू.

कूलरचं पाणी नत्थूजी भरतात. हे मागच्या घरातले, एकटेच राहणारे, लग्न न केलेले गृहस्थ. वयानं यमुताईंएवढेच, पण अंगानं काटक. नळाला दुपारी पाणी नसतं, म्हणून त्यांच्या बोअरचा पाइप भिंतीवरून आमच्या गच्चीवर येतो आणि ते रोज जिना चढून टाकी भरून जातात. यमुताईंना ‘वहिनी’ म्हणतात. वहिनी त्यांना रोज जेवणाचा डबा पाठवतात. किती चांगले शेजारी.

२६ एप्रिल

आई आली आणि चौथ्या दिवशी न्हाणीघरात घसरून पडली. मांडीचं हाड. आमच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, हाडाला स्टीलची पट्टी बसवली. मी इतकी रडले की ऑर्थोचे डॉक्टर म्हणाले, तुम्ही पेशंट आहात की त्या. दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही. आज वॉर्डातल्या दोघा पोरांनी खुर्चीत बसवून तिला जिन्यावरून वर आणलं. आता खाली उतरायचं म्हणजे पुन्हा तीच वरात.

मी सकाळी आणि संध्याकाळी हॉस्पिटलात. मधल्या वेळेत आईजवळ. मी नसते तेव्हा यमुताई डोकावतात, नत्थूजी पाणी भरायला येतात तेव्हा आईची चौकशी करतात. आई म्हणते, एवढी माया कोल्हापुरात सख्ख्यांनी केली नाही.

३ मे

आज आमच्या वॉर्डातल्या प्रेमिला सिस्टर विचारत होत्या, राहतेस कुठं? घर सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. त्या लहानपणी त्याच भागात राहायच्या.

त्यांनी सांगितलं ते असं. एकोणनव्वद सालच्या मे महिन्यात त्या वरच्या खोलीत दोन माणसं मेलेली सापडली. एक यमुताईंचे मिस्टर शरच्चंद्र. दुसरी वरच्या खोलीतली भाडेकरू, उत्तरा नावाची शाळेतली शिक्षिका. कूलर चालू होता आणि टाकीच्या पाण्यात विष कालवलेलं होतं. वाऱ्याबरोबर ते खोलीभर पसरलं. यमुताई त्या दिवशी रामटेकला गेल्या होत्या, देवळात शंभर लोकांनी पाहिलं त्यांना. पोलिसांनी पुष्कळ खणलं, कुणी सापडलं नाही. गल्लीनं मात्र निकाल लावून टाकला. भरदुपारी परक्या बाईच्या खोलीत, खिडकी लावून. लफडं होतं, दुसरं काय? सिस्टर म्हणाल्या, मायले सांगू नको बाप्पा, घाबरेल.

त्याच खोलीत माझी आई झोपलेली आहे. यमुताईंनी मला हे सांगितलं नाही. का सांगतील म्हणा, कुठली मालकीण सांगते? पण मला राग आला आहे.

५ मे

डोक्यात तेच. उत्तरा इथलीच, सिस्टर म्हणाल्या, जन्म नागपुरातला. ती कूलर लावून खिडकी बंद करेल? मी करेन, कोल्हापूरची येडी. ती नाही करणार. बरं, लाजेनं केली म्हणू. मग दार? सिस्टरना मी आज मुद्दाम विचारलं. दार नुसतं लोटलेलं होतं, संध्याकाळी दूधवाल्यानं ढकललं आणि उघडलं. लाज वाटली म्हणून खिडकी लावली आणि दाराला आतून कडी नाही? हे काही पटत नाही. खिडकी त्यांनी लावलीच नसणार. कुणीतरी बाहेरून लावली, दारही बाहेरून अडकवलं, आणि सगळं संपल्यावर दाराची कडी काढली.

यमुताई. दुसरं कोण? नवरा आणि ती बाई, तिच्याच घरात. रामटेकहून लवकर परतल्या असतील. आज त्या वर वरणफळं घेऊन आल्या. मी आईला खाऊ दिली नाहीत. आई चिडली.

८ मे

नत्थूजींना सांगितलं. पोटात काही राहत नाही माझ्या. ते टाकी भरत होते, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खिडकीचं, दाराचं, सगळं घडाघडा बोलून टाकलं. फक्त यमुताईंचं नाव घेतलं नाही, पण त्यांना कळलंच असणार. त्यांनी पाइप तसाच धरून ठेवला, टाकी भरून पाणी गच्चीवर वाहायला लागलं. मग म्हणाले, मोठी हुशार आहेस बेटा, एवढ्या वर्षांत पोलिसाइले बी हे नाही सुचलं. वहिनी तर रामटेकलेच होत्या, मीच त्याइले बसमधी बसवून दिलं होतं, संध्याकाळी उतरवून घ्याले बी मीच गेलो होतो.

म्हणजे यमुताई नाहीत. हलकं वाटलं. दुपारी खाली जाऊन उगीचच त्यांच्याशी गप्पा मारून आले.

११ मे

संध्याकाळची ड्यूटी करून आले तर जिन्याकडची खिडकी बंद. आईचं डोकं दुखत होतं, खोली दमट. आई म्हणाली, वाऱ्यानं लागली असेल. काल वारा नव्हता, आजही नाही.

खिडकीला आतून कडी आहे तशी बाहेरूनही आहे. इतके दिवस बघितली नव्हती. जुनी, गंजलेली. पण तिच्यात ताजं तेल घातलेलं आहे.

१३ मे

यमुताईंना सहज म्हणून विचारलं, तुम्ही रामटेकला होतात त्या दिवशी वरच्या कूलरचं पाणी कुणी भरलं? मी तर फक्त विचारलं.

त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले. मग म्हणाल्या, पाणी तर तेव्हापासून नत्थूजीच भरून राहिले. बस, एवढंच. पुन्हा भाजी निवडायला लागल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

मी ह्या माणसाला सगळं सांगून बसले आहे. ह्याच माणसाला.

१४ मे

आज कळलं. गच्चीच्या कोपऱ्यातून नत्थूजींचं मागचं अंगण सरळ दिसतं. डबा द्यायला यमुताई गेल्या होत्या. ते दोघं पेरूच्या झाडाखाली. ते त्यांना ‘वहिनी’ म्हणत नव्हते. ‘यमू’ म्हणत होते. रडू नको वं यमू, मी आहो ना, असं म्हणाले. डोक्यावरून हात फिरवत होते. नवराबायकोसारखा, किती वर्षांच्या सवयीचा.

उत्तराला वरून हेच दिसलं असणार. तिनं शरच्चंद्रांना वर बोलावलं असणार, दाखवायला, सांगायला. लफडं त्या दोघांचं नव्हतंच. गल्ली एवढी वर्षं दोन मेलेल्या माणसांच्या तोंडाला काळं फासत बसली, आणि खरं प्रेमप्रकरण रोज डबा घेऊन ये-जा करत होतं.

यमुताईंनी मान वर केली. मी गच्चीवर होते. त्यांनी मला बघितलं.

१५ मे

आईला सांगितलं. विश्वास ठेवत नाही. ऊन लागलंय तुला, म्हणते. कूलर बंद केला तर बेचाळीस डिग्रीत तिचा जीव जाईल. चालू ठेवला तर —

टाकीतलं पाणी स्वतः उपसलं. बादल्यांनी नवीन भरलं. नत्थूजी खाली उभे राहून बघत होते. हसले.

पोलिसात गेले होते. एकोणनव्वदचं? हवालदार हसला. पुरावा काय? कडीला तेल. बाई, घरी जा.

१६ मे

दुसरी खोली मिळाली. तळमजल्याची. उद्या दुपारी वॉर्डातली पोरं खुर्ची घेऊन येतील, आईला उतरवतील. सकाळची सुट्टी मला कुणी देईना, हात जोडले तरी नाही. सकाळभर प्रेमिला सिस्टर आईजवळ बसतील. आईला सांगून ठेवलंय, कुणी आलं तरी कूलर बंद कर, खिडकीतून ओरड. ती हो म्हणाली, पण हो म्हणण्यासाठी म्हणाली. मला माहीत आहे तिचं हो.

एकच दिवस. एक सकाळ. आई, एवढी एकच सकाळ काढ.

१७ मे

निघताना यमुताई फाटकाशी दिसल्या. रेशमी पातळ, हातात पिशवी. कुठे निघालात विचारलं. रामटेकले, म्हणाल्या. डोळे सुजलेले. माझ्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. नत्थूजी त्यांना बसमध्ये बसवायला निघाले होते. मी दोनदा वळून जिन्याकडे बघितलं. पण सिस्टर येतच आहेत आईजवळ, म्हणून आले.

—

प्रेमिला सिस्टर इथे आहेत. इथे, वॉर्डात. मी विचारलं, तुम्ही इथे कशा? त्या म्हणाल्या, फाटकाशी एक म्हातारबाबा भेटले, म्हणाले, अबोलीनं निरोप दिला, तुमची गरज नाही, मी बसतो तिच्या मायजवळ. चांगले वाटले, म्हणून परत फिरले.

आई फोन उचलत नाही. वाजतो आहे. उचलत नाही.

पोलिसांना केला. पाठवतो म्हणाले. कधी?

रिक्षात आहे. सिग्नल. लिहिलं नाही तर ओरडेन. रस्त्यावर माणूस नाही. सगळी गल्ली आतून बंद असेल, सगळीकडे ती घरघर, आई ओरडली तरी कोण —

पुन्हा केला. उचलत नाही. देवा, ती झोपलेली असू नये. ती रागावलेली असावी माझ्यावर, म्हणून उचलत नसावी.

फोन आला. आईच्याच नंबरवरून. नत्थूजी बोलत होते. हळू, मायेनं. म्हणाले, माय शांत झोपली तुझी, टाकी गच्च भरून ठेवली, एवढ्या उन्हात घाई करून येऊ नको बेटा. मी म्हटलं, खिडकी उघडा. आधी जिन्याकडची खिडकी उघडा, मी कुणाला काही सांगणार नाही, शपथ घेते, आम्ही आजच जातो, फक्त खिडकी —

ते म्हणाले, यमू पोचली रामटेकले. आणि म्हणाले, तुझी माय मघाशी दारापर्यंत सरपटत येऊन कडी वाजवत होती, आता नाही वाजव—