वेलिच्कोदादाची हिरवी चाचणी

१४ सप्टेंबर

झोर्नित्साने आज ते नवीन साधन चालवलं आणि दुपारपर्यंत माझं डोकं फिरलं.

ते काहीच चालवून बघत नाही. नुसतं वाचतं. आमच्या प्रोग्रॅमच्या चाचण्यांच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचतं आणि पिवळी खूण करून सांगतं – इथे वास येतोय. शब्दच तो आहे, वास. म्हणजे चूक नाही, पण काहीतरी नासत आलंय. "स्नेझामावशी, डबा उघडायच्या आधीच कळतं ना भाजी उतरलीय ते? तसं," झोर्नित्सा म्हणाली. पोरगी हुशार आहे. येऊन वर्ष झालं नाही, पण या खोलीत बोलायला घाबरत नाही.

मला कळतं गं. पण पिवळ्या खुणा पडल्या त्या बहुतेक वेलिच्कोदादाच्या चाचण्यांवर. ज्या माणसाने मला हे काम शिकवलं त्याच्या. जहाजांच्या कारखान्यातून बेकार होऊन आले तेव्हा मला फक्त नकाशे काढता येत होते. इमारतींच्या तळघरातलं गरम पाणी वर किती सोडायचं हे ठरवणारा आमचा प्रोग्रॅम त्याने एकट्याने उभा केला, आणि तो नीट चालतो की नाही हे तपासणाऱ्या चाचण्याही त्यानेच लिहिल्या. आमच्या सगळ्या रूसे शहरात त्याच्या जिवावर रेडिएटर तापतात. आणि एक यंत्र येऊन नाकाला रुमाल लावतं.

ऑफिसचा हुकूम असा – थंडी सुरू व्हायच्या आत प्रत्येक पिवळी खूण एकतर दुरुस्त करा, नाहीतर ती चाचणी उडवा.

१५ सप्टेंबर

शेजारी बाल्कनीत मिरच्या भाजतायत. अख्ख्या गल्लीत वास. हा वास मात्र कुणाला खटकत नाही.

१९ सप्टेंबर

दिवसभर जुन्या चाचण्या वाचल्या. झोर्नित्सा शेजारी बसून विचारत होती, मी सांगत होते. काम कमी, गप्पाच जास्त.

एका चाचणीत मध्येच "दोन सेकंद थांब" लिहिलंय. साधनाचं म्हणणं, चाचणीने असं मध्येच झोपणं बरं नव्हे. बरोबर आहे. पण तेव्हाचं आमचं मशीन इतकं मंद होतं की त्याला दम घेऊ द्यावा लागायचा. वेलिच्कोदादा तेवढ्यात सिगरेट पेटवायचा.

दुसऱ्या चाचणीचं नावच "पेंकाला थंडी वाजते". साधन म्हणतं, नावावरून काही बोध होत नाही. "ही पेंका कोण?" झोर्नित्साने विचारलं. पेंका म्हणजे दादाची बायको. बाहेर कितीही ऊन असो, हिला गारठाच. म्हणून ज्या घराला नेहमी जास्त उष्णता लागते त्या घराचं नाव पेंका. आम्हा सगळ्यांना बोध व्हायचा.

बेकरीच्या वरची ती खोली. घरं तापवायचा प्रोग्रॅम लिहायचो आम्ही, आणि आमच्याच खोलीचं बिल थकल्यामुळे हीटिंग तोडलेलं! हातमोज्यांची बोटं कापून टाइप करायचो. पहाटे भट्टी पेटली की जमीन कोमट व्हायची, मग बूट काढून बसायचो. खालून चीज भरलेल्या गरम बानित्साचा वास यायचा. चाचणी पास झाली की पडद्यावर हिरवी पट्टी, नापास झाली की लाल. सगळ्या हिरव्या झाल्या की दादा उठून खिडकी उघडायचा. का, ते माहीत नाही. पण उघडायचा.

आणि ती संध्याकाळ, शहराची, म्हणजे पालिकेची, माणसं काम बघून टाळ्या वाजवून गेली ती. आम्ही सगळे डॅन्यूबच्या काठावर गेलो, तळलेले मासे खाल्ले. दादा गायला नाही, एरवी गायचा. पलीकडे रुमानियाचे दिवे. मला वाटलं होतं, आता काही वाईट होणार नाही. इतक्या वर्षांत तितका आनंद मला कधी झाला नाही, लेकीच्या लग्नातसुद्धा नाही. (हे तिला कधी सांगायचं नाही.)

झोर्नित्सा ऐकून म्हणाली, "तुम्ही लोकांनी मजा केलीत." मग हळूच, "पण ही दोन सेकंदं मी काढतेय हं."

काढ बाई.

२३ सप्टेंबर

आज जे सापडलं ते मला आवडलेलं नाही.

एक चाचणी आहे. तापमान मोजणारा सेन्सर अचानक गप्प झाला तर गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे, त्याची. सगळं नीट मांडलेलं. सेन्सर गप्प केलाय, प्रोग्रॅमला एक पाऊल पुढे चालवलंय – आणि संपली. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का, हे विचारणारी शेवटची ओळच नाही. म्हणजे ती कशीही हिरवीच होणार. इतकी वर्षं हिरवी होतेय. परीक्षेत पेपर न तपासता पास केल्यासारखी.

मी शंभरदा वाचली असेल ही. कधी दिसलं नाही. जे नाही ते माणसाला दिसत नाही. आणि खाली नाव वेलिच्कोदादाचं, मग मी तपासणार तरी कशाला.

झोर्नित्साचा चेहरा उतरला. जुने सेन्सर बिघडले की वेडेवाकडे आकडे फेकायचे, लगेच कळायचं. या उन्हाळ्यात सगळ्या तळघरांत नवे बिनतारी बसवलेत. ते बिघडले की गप्पच होतात.

ती ओळ लिहायला निघाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, आधी त्याला विचारू दे. त्याने काही कारणाने सोडली असेल. जुन्या बदलांच्या नोंदी जुन्या मशीनबरोबरच गेल्या, विचारायला तोच एक आहे.

"मावशी, चाचणी आहे ती. थडगं नाही."

"सोमवारपर्यंत थांब."

थांबली. पण रागावली.

२६ सप्टेंबर

कोशोवला, दादाच्या गावी, जाऊन आले. बसला गर्दी नव्हती.

अंगणात पेंकावहिनी मिरच्या सोलत होती, स्वेटर घालून. दादा मोठ्या कढईत ल्युतेनित्सा, मिरच्या-टोमॅटोची चटणी, ढवळत होता. म्हातारा झालाय. मिठी मारली तेव्हा हाताला हाडं लागली. पहिला तासभर जुन्याच गप्पा. बेकरी, ती भट्टी, कोण गेलं, कोण जर्मनीला गेलं. मला वाटलं, विचारूच नये. इतका छान बसला होता.

मग विचारलं.

ढवळायचा थांबला. "माझ्या चाचणीत शेवटची ओळ नाही? कोण म्हणतं?"

"साधन म्हणतं. पण मीही बघितलं, दादा."

"त्या साधनाने कधी थंडी खाल्लीय का? शेवटची ओळ मी आधी लिहितो. तुला काय शिकवलं होतं मी?"

हेच शिकवलं होतं. आधी विचारायचं काय ते ठरव, मग बाकीचं लिही.

"दुसऱ्या कुणी काढली असेल," तो म्हणाला, आणि पळी कढईतच टाकून द्राक्षांच्या वेलींकडे निघून गेला. जेवायलाही आला नाही. वहिनीने मला फाटकापर्यंत सोडलं. "त्याच्यावर नको रागावूस. गावात कुणी विचारलं काय काम करायचास, तर तो एवढंच सांगतो, अख्खं शहर तापवायचो. दुसरं काय आहे त्याच्यापाशी?"

परतताना मांडीवर ल्युतेनित्साची बरणी, कोमट. खिडकीबाहेर बघत बसले. मी कशाला गेले होते?

२८ सप्टेंबर

सकाळी ऑफिसचं दार उघडलं तर जिन्यात दादा. कोट, टाय, दाढी केलेली. पहिल्या बसने आलेला. कळवलं नाही.

आत आला, सगळीकडे बघितलं. झोर्नित्साला म्हणाला, "ते वास घेणारं यंत्र तुझं का?"

ती उभी राहिली. "हो, दादा."

"चांगलं नाक आहे त्याला."

मग बसला. पाणी मागितलं. आणि माझ्याकडे न बघता सांगितलं.

ओळ होती. त्यानेच लिहिली होती. चाचणी लाल यायची, रोज. प्रोग्रॅममध्ये चूक होती आणि ती त्याला सापडत नव्हती. शहराची माणसं बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तेव्हाचे मालक दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, उद्या एकसुद्धा लाल दिसता कामा नये, नाहीतर हे काम गेलं आणि आपण सगळे गेलो. "तू तेव्हा नुकतीच आलेलीस. पोर लहान तुझी. मी ओळ काढली. एका दिवसापुरती. परवा परत घालू म्हणून."

"मग?"

"मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मासे खाल्ले. मग नवीन काम आलं." टायची गाठ सैल केली. "शनिवारी तुला खोटं नाही बोललो, स्नेझा. मला खरंच आठवत नव्हतं. द्राक्षं खुडताना आठवलं. माणूस स्वतःलासुद्धा इतकं छान फसवतो."

ती संध्याकाळ! नदी, पलीकडचे दिवे. तो गायला नव्हता, आणि मला वाटलं होतं दमला असेल.

झोर्नित्साने तिची खुर्ची मागे सरकवली. "तुम्ही लिहिता ती ओळ?"

त्याने दोन बोटांनी लिहिली. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं. कंस एकदा चुकला, तिने न बोलता बोट दाखवलं. चालवली.

लाल.

मालकही नाहीत, शहराची माणसंही नाहीत. आम्ही तिघं त्या लाल पट्टीकडे बघत होतो. दादा उठला आणि खिडकी उघडली.

"लाल होऊ शकली तरच ती चाचणी," तो म्हणाला. मग रडला. झोर्नित्सा कॉफी करायला गेली, बराच वेळ आली नाही. शहाणी आहे.

६ ऑक्टोबर

चूक सापडली. सेन्सर गप्प झाला की प्रोग्रॅम त्याचा शेवटचा आकडाच खरा धरून बसायचा आणि व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा. वर घरं तापलेली, तरी खालून अजून गरम पाणी, अजून, अजून. तेव्हा दादाला सापडली नाही कारण ती त्याच्या ओळींत नव्हतीच, पहिल्या सेन्सरबरोबर बाहेरून आलेल्या आणि आजही वापरात असलेल्या तयार भागात होती. झोर्नित्साने शोधली. दादाला फोन करून हे आधी सांगितलं. म्हणाला, "त्या मुलीला द्राक्षं पाठवतो."

२४ ऑक्टोबर

दुरुस्त प्रोग्रॅम सगळ्या तळघरांत पोचला. परवा दिमित्रोव्हदेन, हिवाळा सुरू झाला असं धरतात तो सण. त्यानंतर कधीही गरम पाणी सोडतील.

पिवळ्या खुणा जवळजवळ संपल्या. पुष्कळ चाचण्या गेल्या, दोन-दोनदा लिहिलेल्या, झोपणाऱ्या, एकाच वेळी दहा गोष्टी विचारणाऱ्या. वाईट वाटलं, पण वाटलं होतं तितकं नाही. "पेंकाला थंडी वाजते" मात्र झोर्नित्साने ठेवली. वर एक ओळ लिहिली, पेंका कोण ते. साधन अजून कुरकुर करतं. करू दे, म्हणाली.

मासे खाल्लेली संध्याकाळ हल्ली आठवत नाही. म्हणजे आठवते, पण तिथे आता दादा दिसतो. एका टोकाला, ताटाकडे बघत बसलेला. आधी मी त्या आठवणीत त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

१९ डिसेंबर

बर्फ. नदी दिसत नाही.

११ जानेवारी

सकाळी स्टेशनमागच्या बालवाडीतून तक्रार. रेडिएटर गार, मुलं शिंकतायत, बाईंनी फोनवर आम्हाला नको नको ते ऐकवलं. मेकॅनिक तळघरात उतरला. नवा सेन्सर रात्रीच मेलेला. व्हॉल्व्ह बंद. मुख्य वाहिनीत थंडीमुळे पाणी पूर्ण जोरात आणि उकळत होतं, आणि पहिला पाइप मुलांच्या झोपायच्या खोलीतून जातो, भिंतीवरून, आवरणाशिवाय. मेकॅनिक मला फोनवर एवढंच म्हणाला, "बाई, व्हॉल्व्ह उघडा राहिला असता तर मुलं पोळली असती."

कोशोवला फोन केला. सगळं सांगितलं.

दादा म्हणाला, "मग मुलांना थंडी वाजली असेल."

"हो. कोट घालून जेवली म्हणे."

"सगळी जेवली?"

"सगळी."