आठव्या दिवसाचा फवारा

मंगळवार, पोळा होऊन आठवडा झाला

मले आज त्या अमरावतीच्या पोरीनं हरवलं, अन् वरून म्हणते, "आजी, रागावू नका." माणसं सांगितलेलं कसं पाळतात, याचा अभ्यास करून राहिली म्हणे. तिनं एक डबा आणला होता, त्याची कळ दाबली की मणी पडे; ज्याचे मणी जास्त तो जिंकला. मले तिनं सांगितलं, "हळू दाबा." शेजारच्या शमीमबीले काहीच सांगितलं नाही. मंधात तिनं न सांगता डब्याची रीत बदलली, मंग भराभर दाबल्यावरच मणी पडू लागले. शमीमबीनं तसं दाबून पाहिलं अन् वाटीभर जमवले. मी आपली हळूच दाबत बसली. शमीमबी हासली, "बुढे, हात तुया अन् अक्कल तिची!"

मले हसू नाही आलं. दर आठव्या दिवशी फवारा मारायचा, हे अळीचं औषध विकणाऱ्या दुकानदाराचं बोलणं माझ्या गजाननकडून मीच पाठ करून घेतलं. कपाशीच्या पऱ्हाटीवर अळी नसली तरी पोरगा पंप पाठीवर घेते. मागच्या बारीले फवारता फवारता बांधावर ओकला, डोळे लालभडक. अन् मी काय म्हटलं? "नेम मोडू नको." तवाबी मी कळच दाबून राहिली होती का?

उद्या आठवा दिवस. पंप कुलपात घातला, किल्ली माझ्या कमरेले. गजानननं आधी पानं उलटून पाहावी. अळी हाय का नाही, ते त्यानंच मले सांगावं. दुकानदारानं नाही.