जांभळा म्हणजे जांभळाच

४ फेब्रुवारी

नवी पदवीवाली पोरगी आज जंतू तपासायची काच रंगवताना मोबाइलवर सेकंद मोजत बसली! स्पिरिट किती वेळ ओतायचं ते हाताला कळतं, मोबाइलला नाही. बावीस वर्षं या प्रयोगशाळेत काढली. बाटल्या धुण्यापासून. पुस्तकं रद्दीतून आणून वाचली. मला कुणी शिकवलं नाही, म्हणूनच नीट येतं. ही दोन पदव्या मिरवते आणि मला 'काका' म्हणते.

६ फेब्रुवारी

ताईला ताप. आतड्याच्या ऑपरेशनला आठवडा झाला आणि आता जखमेतून पू. काच मीच रंगवली. सख्ख्या बहिणीचा नमुना त्या मोबाइलवालीच्या हाती देतो की काय!

जंतू दोन जातींचे. एकांची भिंत जाड, जांभळा रंग धरून बसते. दुसऱ्यांची पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक तेलकट आवरण. स्पिरिटनं ते विरतं, जांभळा धुऊन जातो, वरून दिलेला गुलाबी चढतो. एवढंच! याला दोन पदव्या कशाला?

ताईचे जांभळे. गोल, जोडीजोडीनं.

पदवीवाली : "काका, पडताळ्याची काच सोबत नाही रंगवलीत? ज्यावरचे जंतू आधीच ठाऊक असतात ती?"

"ती लागते नवशिक्यांना."

वॉर्डातल्या डॉक्टरांचा फोन : "गुलाबी असण्याची शक्यता? आवरण फोडणारं औषधही सुरू करून ठेवू का?" म्हटलं, "जांभळा म्हणजे जांभळाच. ते औषध देऊन माझ्या बहिणीच्या किडन्या कशाला नासवता?" मानलं त्यांनी. जांभळ्यांचंच औषध सुरू केलं. डॉक्टर म्हणे!

७ फेब्रुवारी

ताप एकशे तीन. सलाइन लावणाऱ्यांना धड वेळा पाळता येत नाहीत, दुसरं काय!

ताई : "शहाण्या, तू तपासलंस ना? मग मला घोर नाही."

८ फेब्रुवारी

ताईची शुद्ध हरपतेय. मला बाबांच्या नावानं हाक मारली.

सकाळी पदवीवाली आली. पूचा थोडा भाग तिनं बशीत वाढायला ठेवला होता, ते नेहमीचंच. त्यातून तिनं नवी काच रंगवलेली. मोबाइल लावून, पडताळ्याच्या काचेसकट. "काका, एकदा बघता?"

बघितलं. गुलाबी. सगळे गुलाबी.

म्हटलं, तुझं स्पिरिट जास्त झालं. तिनं पडताळ्याची काच पुढे सरकवली. तिच्यावरचे जांभळे जागच्या जागी जांभळे होते. स्पिरिट जास्त झालं असतं, तर तेही गुलाबी झाले असते.

घरी येऊन पुस्तक काढलं. पान सापडायला वेळ लागला नाही. काही गुलाबी जंतू आखूड, गोलसर, जोडीनं असतात आणि स्पिरिटला दाद देत नाहीत. जांभळे भासतात, फसू नये. खाली पेन्सिलीची रेघ. समासात 'महत्त्वाचे'. अक्षर माझंच.

आणि पुढे : यांच्या बाहेरच्या आवरणात झरोके मुळात थोडे आणि अरुंद. जांभळ्यांचं औषध अंगानं मोठं, त्यातून शिरतच नाही. बारीक औषध शिरलंच, तर हे बेटे ते उपसून बाहेर टाकतात. म्हणजे दोन दिवस औषध दाराबाहेर उभं होतं. त्याला तिथं उभं करणारा शहाणा मी.

तिच्या रिपोर्टवर दुपारीच औषध बदललं होतं. आवरणालाच भगदाड पाडणारं. किडन्यांना जड.

९ फेब्रुवारी

ताप तोच. लघवी कमी. बाहेरच्या बाकावर बसलो. डॉक्टर जवळून गेले, काही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं.

११ फेब्रुवारी

ताप उतरला. लघवी सुधारली. ताईनं पाणी मागितलं.

१२ फेब्रुवारी

ताई आज उठून बसली आणि वॉर्डभर सांगत सुटली, "माझ्या भावानं पकडला बरं जंतू! शाळेबाहेर शिकलेला आहे तो!" पदवीवाली रिपोर्ट घेऊन दारातच उभी होती. ताईनं तिलाच विचारलं, "हो ना गं?"

ती म्हणाली, "हो, काकांनीच."

इतका अपमान आजवर माझा कुणी केला नव्हता. आणि मी मान डोलावली.