आत्याचं न फोडलेलं पाकीट

नुकुअलोफा, मंगळवार

आदरणीय लेसिएली आत्यास, भाचा पौलिआसी याचा जमिनीवर बसून, मान खाली घालून नमस्कार. वाव्हाऊपर्यंत बोट लागली नाही ना? गुडघे काय म्हणतात? इथे तुझी भाचेसून सेइनी बरी, डुकरं बरी, मीच तेवढा शरमेनं अर्धा झालोय.

आत्या, तिकिटं जमवणं हा शांत छंद, असं म्हणणाऱ्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही. पातेल्यात तिकिटं भिजत घातली, तर सेइनीनं त्यातच सुरण उकडला. आपल्या देशाची ती केळ्याच्या आकाराची तिकिटं उन्हात वाळवली, तर कोंबड्यानं तीन गिळली (आकार हुबेहूब जमला होता, दुसरं काय!). पण माझ्या संग्रहात मानाचं पान निउआफोऊच्या डबाटपालाचं. बेटाला धक्का नाही, म्हणून आजोबा (म्हणजे तुझे वडील) पत्रं डब्यात बंद करून बोटीपर्यंत पोहत न्यायचे, आणि जगभरचे शौकीन त्या पाकिटांसाठी जीव टाकायचे. असंच एक, कुणा शौकिनानं वाटेतच लांबवलेलं आणि कधीच न फोडलेलं, मला ऑकलंडच्या व्यापाऱ्याकडे सापडलं. अल्बममधली केळ्याच्या तिकिटांची चार पानं देऊन मी ते घेतलं. त्यावर तुझ्या शाळेचा पत्ता होता आणि तुझं नाव होतं.

अकरा वर्षं मी ते तुझ्यापासून लपवलं. आपल्या रीतीनं आत्यानं भाच्याच्या वस्तूवर हात ठेवला की ती तिची, तिथे नाही म्हणायची सोय नाही. आणि न फोडलेल्या पाकिटाचा शौकिनांत काय तोरा असतो! परवा तू कपाट उघडलंस (तुला कोण अडवणार?), नाव वाचलंस आणि मासे कापायच्या सुरीनं पाकीट टरकन फाडलंस. मी किंचाळलो. तू म्हणालीस, “गप रे मेल्या, माझं पत्र आहे!”

पन्नास वर्षं प्रत्येक मयतीला तुझं एकच गाऱ्हाणं: बापानं तीन वर्षं मला दूरच्या शाळेत टाकलं आणि एक ओळ लिहिली नाही. आणि त्या कागदावर आजोबांचं वाकडं अक्षर. डुकरीण व्यायली, छप्पर गळतंय, आणि “तू गेल्यापासून घरात भांडायला कुणी नाही, करमत नाही.” तू हसलीस, मग रडलीस, आणि मारायचं सोडून मला जवळ घेतलंस. त्याबद्दल आत्या, मी जन्मभर तुझा ऋणी आहे. पाकिटाच्या आत पत्र असतं हे मी साफ विसरलो होतो. आजोबांना मी कधी पाहिलं नाही, त्यांचं बोलणं त्या दिवशी तुझ्या तोंडून ऐकलं. निघताना तू विचारलंस, “एवढं एकच ना रे?” मी बायबलवर हात ठेवून हो म्हणालो.

तुझा,
पौलिआसी

ता. क. पाकिटाचा फाटलेला तुकडा तुझ्या पिशवीत गेला असेल तर जपून ठेव. डिंक माझ्याकडे आहे.

आणखी ता. क. ते बायबल नव्हतं, तिकिटांचा अल्बम होता. अजून दोन पाकिटं आहेत, दोन्ही तुझ्या नावाची, आजोबांच्या अक्षरातली. टपालानं पाठवायचा धीर होत नाही (आपल्या घराला टपालाचा अनुभव आहे). शुक्रवारच्या बोटीनं मीच घेऊन येतो. तूच फोड. फक्त मोठ्यानं वाच.